आजोबांचं रिव्हॉल्व्हर कुठलं आणि कधीचं: ओळख पटवतानाच्या नोंदी

कोणाकडे वारशाने जुनं रिव्हॉल्व्हर आलं असेल आणि त्याच्यावरचे नंबर, शिक्के, इंग्रजी अक्षरं बघून काहीच उलगडत नसेल तर या नोंदी कामी येतील, म्हणून जसं काम होत गेलं तसं लिहून ठेवलंय. कायद्याचं आधी सांगते. आजोबा गेल्यावर हत्यार लगेच परवानाधारक गनस्मिथकडे जमा केलं, पावती घेतली, आणि पुढचं सगळं बघणं, मोजणं, फोटो काढणं त्यांच्याच टेबलावर त्यांच्यासमोर झालं. तुमच्याकडे वारसाने काय करायचं असतं ते परवाना देणाऱ्या खात्यात आधी विचारा, ओळख नंतर पटवता येते, ती कुठे पळून जात नाही.

११ जानेवारी

आज पहिल्यांदा नीट बघितलं. घरात आजवर ऐकलेलं असं की हे पहिल्या महायुद्धातलं, विलायती, पणजोबांकडून आजोबांकडे आलेलं. मामा हे अगदी ठामपणे सांगतो आणि सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आजोबांच्या परवान्यावर मात्र एवढंच, "रिव्हॉल्व्हर, .३८ बोअर", एक पाच आकडी नंबर आणि बनावटीच्या रकान्यात "इंग्लिश".

पहिलं काम म्हणजे रिकामं आहे ना ते बघणं, आणि तिथेच अडलं. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता गोल भाग) उघडेना. बाजूने, सिलिंडरची मागची कड आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारला तर काडतुसांच्या कडा दिसल्या असत्या, तशा दिसत नव्हत्या, तरी काका (गनस्मिथ, वयाने मोठे आहेत) म्हणाले, "उघडेपर्यंत भरलेलंच आहे असं धरायचं ताई, आणि तोंड त्या वाळूच्या पेटीकडेच ठेवायचं."

न उघडताही थोडी चाळणी लागते. वेब्ली किंवा एनफिल्ड ही ब्रिटिश रिव्हॉल्व्हरं असती तर तसं मधोमध बिजागरीवर मोडलं असतं, बॅरल खाली झुकतं आणि काडतुसं मागून वर येतात. हे तसलं नाही, सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर येणारं आहे. डावीकडे अंगठ्याने सरकवायची खिट्टी आहे, ती पुढे ढकलायची असेल तर स्मिथ अँड वेसन पद्धत, मागे ओढायची असेल तर कोल्ट, दोन्ही अमेरिकन कंपन्या. आपली पुढे सरकते, पण सिलिंडर हलत नाही कारण आतलं जुनं ग्रीस सुकून घट्ट झालंय. मामाचं म्हणणं होतं लाकडी हातोडीने एक ठोका द्यावा. काकांनी साफ नकार दिला, ठोका दिला की सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो तो वाकतो आणि मग ते कायमचं बिघडतं. तेल सोडून ठेवून दिलं.

१४ जानेवारी

तेलाने काम केलं. सिलिंडर हळूच डावीकडे आलं, सहाही घरं रिकामी. हायसं वाटलं.

उघडल्यावर ज्या कोनाड्यात सिलिंडरचा दांडा बसतो तिथे फ्रेमवर एक पाच आकडी नंबर दिसला, आणि तो परवान्यावरच्या नंबरशी तंतोतंत जुळला. मामा खूश, मीही खूश, म्हटलं नंबर मिळाला आता साल काढणं काय अवघड आहे.

साल निघालं नाही. स्मिथ अँड वेसनच्या याद्यांत तो नंबर कुठल्याही मॉडेलमध्ये टाकून बघितला तरी बंदुकीच्या ठेवणीशी मेळ बसेना, कुठे बॅरल वेगळं, कुठे फ्रेमचा आकार वेगळा. यात बरेच दिवस गेले. याचं कारण पुढे ३० जानेवारीच्या नोंदीत आहे.

१९ जानेवारी

फोटोंनी छळलं. फ्लॅश मारला की अक्षरं पांढरी होऊन नाहीशी, बिनफ्लॅशचा काढला की सगळं काळं. शेवटी जमलं ते असं: खोलीतले दिवे बंद, मोबाइल स्टँडवर, आणि टॉर्च धातूला जवळजवळ टेकवून अगदी आडवा धरायचा. उजेड आडवा पडला की कोरलेल्या अक्षरांच्या एका कडेला सावली पडते आणि जे एरवी दिसतच नाही ते वाचता येतं. टॉर्च एकाच बाजूने नको, चारही बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो घ्या, एका उजेडात जे गायब असतं ते दुसऱ्यात दिसतं. खोल अक्षरांत चिमूटभर टाल्कम पावडर घासून वरची मऊ फडक्याने पुसली तर अजून बरं. पॉलिश पेपर, लोखंडी घासणी, गंज काढायचं पातळ असलं काहीही ओळख पटायच्या आधी लावू नका. ते का, हे आमच्याच बंदुकीने दाखवून दिलं.

फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरून जाणाऱ्या भागावर, डाव्या बाजूला काहीतरी होतं. साध्या उजेडात ती जागा आरशासारखी गुळगुळीत. आडव्या टॉर्चमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचे पाय दिसायला लागले, वरचे अर्धे भाग घासले गेलेले. आधी एक "पी" मग "आर", मग मोकळी जागा, मग शेवटी "वाय". बंदूक कधीतरी कोणीतरी बफ मारून (घासून चकचकीत करून) परत निळी केलेली आहे, म्हणजे धातूवर निळा-काळा थर नव्याने दिलेला आहे, आणि त्यात नेमका महत्त्वाचा शिक्का अर्धा गेला. अख्खी संध्याकाळ त्या दोन इंचांवर गेली पण वाचलं शेवटी: "युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी".

म्हणजे अमेरिकन सरकारची मालमत्ता. मामा गप्प झाला, मग म्हणाला, "अगं पण पहिल्या महायुद्धात अमेरिका होतीच की." खरं होतं, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरलं नाही.

२३ जानेवारी

बॅरलचं वाचन. डाव्या अंगाला "स्मिथ अँड वेसन". उजव्या अंगाला ".३८ एस अँड डब्ल्यू सीटीजी", एस अँड डब्ल्यू म्हणजे स्मिथ अँड वेसन, सीटीजी म्हणजे काट्रिज, काडतूस. वरच्या बाजूला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, स्प्रिंगफील्ड मॅसॅच्युसेट्स, आणि मग तारखा: ६ फेब्रुवारी ०६, १४ सप्टेंबर ०९, २९ डिसेंबर १४.

मामाने १४ बघितलं आणि टेबलावर हात मारला. १९१४! झालं, आम्ही म्हणत होतो तेच.

या तारखा पेटंटच्या आहेत. कंपनी जोपर्यंत तो भाग तसाच बनवत होती तोपर्यंत तीच ओळ प्रत्येक बॅरलवर छापत राहिली, दशकानुदशकं. त्यावरून एवढंच ठरतं की बंदूक २९ डिसेंबर १९१४ च्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते. जुन्या हत्यारांच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात असं काका म्हणाले, त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक शेवटची पेटंट तारीख हेच जन्मसाल समजून येतात.

नावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. स्पेनमध्ये एइबार गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्मिथ अँड वेसनच्या नकला ढिगाने बनल्या, आणि त्यांच्या बॅरलवर कुठलं काडतूस घालायचं ते लिहिताना "स्मिथ अँड वेसन" हे शब्द असे यायचे की घाईत वाचणाऱ्याला तो बनवणारा वाटावा. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. आम्ही बाकीचं ताडून बघितलं: इजेक्टरच्या (काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या) दांड्याचं पुढचं टोक बॅरलखालच्या खुंटीत अडकतं, सिलिंडर मागून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, उजव्या बाजूच्या झाकणाला चार स्क्रू आणि चापाच्या कड्याच्या पुढे पाचवा. सगळं अस्सल स्मिथ अँड वेसनला धरून.

३० जानेवारी

नंबरचा घोळ सुटला. मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी आहे आणि तिच्या आजूबाजूला काळा मळ दगडासारखा बसलेला. काकांनी लाकडी काडीला तेल लावून तो हळूहळू उकरला आणि खाली सहा आकडी नंबर निघाला, परवान्यावरच्यापेक्षा पूर्ण वेगळा.

काकांनी सांगितलं ते असं. सिलिंडरच्या कोनाड्यातला नंबर हा कारखान्यातला जुळणीचा नंबर. फ्रेम, सिलिंडरचा दांडा आणि बाजूचं झाकण हे तीन भाग एकमेकांना हाताने घासून बसवलेले असायचे, मग पॉलिश आणि रंगासाठी ते सुटे व्हायचे, परत एकत्र यावेत म्हणून तिघांवर एकच नंबर. त्याचा साल ठरवायला काडीचा उपयोग नाही. खरा नंबर मुठीच्या तळावरचा. परवाना करताना कोणीतरी सिलिंडर उघडलं, समोर स्वच्छ दिसणारा नंबर लिहून घेतला आणि काम संपवलं, आणि त्यानंतर प्रत्येक नूतनीकरणात तोच उतरत गेला.

खरा नंबर आणखी तीन ठिकाणी असतो: सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, बॅरलच्या खालच्या सपाट भागावर (सिलिंडर उघडल्याशिवाय दिसत नाही) आणि काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या मागे. तिन्ही जुळले. म्हणजे बॅरल आणि सिलिंडर मूळचेच, बदललेले नाहीत. याचा आनंद मला सगळ्यात जास्त झाला, कारण इतक्या जुन्या लष्करी बंदुकीत हे जुळतंच असं नाही.

पण गंमत पुढे आहे. हा नंबर तीन लाखांच्या घरातला, आणि याद्यांत बघितलं तर कंपनीच्या .३८ मिलिटरी अँड पोलिस या मॉडेलचा तीन लाखांच्या आसपासचा नंबर जातो पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१५ मध्ये ती मालिका दोन लाख एक्केचाळीस हजारांच्या पुढे होती. मामाची बाजू परत वर.

मुठीची लाकडं मात्र पटत नव्हती, साधी गुळगुळीत अक्रोडाची, चौकटी नक्षी नाही, कंपनीचं बिल्लं नाही. त्या काळातल्या मुठी अशा नसायच्या. म्हणून काकांनी परत काडी घेतली आणि कडीच्या अगदी चिकटून राहिलेला मळ काढला. तिथे एक अक्षर होतं. व्ही.

२ फेब्रुवारी

त्या एका अक्षराने जवळपास पाव शतक पुढे आणलं.

१८९९ पासून चालू असलेली ती मालिका १९४२ मध्ये दहा लाखांवर पोचली. तेव्हा कंपनीने नंबर परत एकपासून सुरू केले आणि पुढे व्ही लावला, व्ही म्हणजे व्हिक्टरी. म्हणून या बंदुकांना व्हिक्टरी मॉडेल म्हणतात. व्ही चुकला की तोच आकडा जुन्या मालिकेत जाऊन बसतो आणि कुठल्यातरी वेगळ्याच युद्धाची बंदूक वाटायला लागते. ज्यांच्याकडे कडीवाली मूठ आहे त्यांनी कडीच्या दोन्ही बाजू पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय नंबर लिहूनच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बाकीच्या खुणा एका रांगेत आल्या. अमेरिकन कंपनी, अमेरिकन सरकारचा शिक्का, पण काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू, जे ब्रिटिश फौजेचं. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेत लेंड-लीज कायदा झाला, अमेरिकन सरकारने माल बनवून घ्यायचा आणि मित्रदेशांना द्यायचा, म्हणून अशा बंदुकांवर "युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी". ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांसाठी पाच लाखांहून जास्त बनल्या. नंतरच्या नगांवर हा शिक्का आखूड झाला आणि त्याच्यासोबत गाय ड्र्यूरी या लष्करी तपासणी अधिकाऱ्याची आद्याक्षरं येतात, ती आपल्यावर नाहीत.

या व्यवहाराची सुरुवात वाचून मला फार नवल वाटलं. ब्रिटिशांनी आधी स्मिथ अँड वेसनला ९ एमएमच्या एका हलक्या रायफलसाठी दहा लाख डॉलर आगाऊ दिले होते. ती रायफल चाचण्यांत टिकली नाही, पैसे परत द्यायची कंपनीची ऐपत नव्हती, तेव्हा बदल्यात रिव्हॉल्व्हर द्यायचं ठरलं. एका फसलेल्या रायफलमुळे बुडायला आलेली कंपनी तरली आणि ही बंदूक लाखांनी बनली.

६ फेब्रुवारी

बॅरलची लांबी. मामाने टेपने बाहेरून मोजली, फ्रेमपासून तोंडापर्यंत, आणि ती कुठल्याच यादीशी जुळेना. म्हणून कोणीतरी कापलंय असा संशय आला. रिव्हॉल्व्हरचं बॅरल फ्रेमच्या आत आट्यांनी घुसलेलं असतं, म्हणून मोजायचं ते तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या तोंडापर्यंत. रिकामं असल्याची परत खात्री करून, सिलिंडर उघडून, तोंडातून लाकडी दांडी आत घातली, ती बॅरलच्या मागच्या टोकाशी आली की तोंडापाशी दांडीवर खूण, मग तेवढी दांडी मोजली. पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. ब्रिटिश ऑर्डरची ठरलेली लांबी. कापलेलं नाही. नेम धरायची पुढची अर्धचंद्रासारखी माशीही मूळची.

मुठीचं लाकूड काढताना जपा. स्क्रू काढून फटीत पेचकस घालून उचकटलं तर लाकूड टवकतं. स्क्रू अर्धवट सैल करायचा आणि त्याच्याच डोक्यावर पेचकसच्या मुठीने हलके टकटक करायचं, पलीकडचं लाकूड आपोआप सुटतं. उजव्या लाकडाच्या आत नंबर असतो म्हणून बघितलं, तर दुसऱ्याच बंदुकीचा. युद्धातल्या दुरुस्तीशाळांत अशी अदलाबदल व्हायचीच. मनाला थोडं लागलं, पण आहे ते आहे.

१२ फेब्रुवारी

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा.

परवान्यावर ".३८ बोअर" एवढंच आहे, आणि .३८ नावाची काडतुसं एक नाही, दोन प्रचलित आहेत. .३८ एस अँड डब्ल्यू आखूड आणि जाड: पुंगळी (गोळीमागचा पितळी भाग) साधारण १९.७ मिलिमीटर लांब, ९.८ जाड. .३८ स्पेशल लांब आणि बारीक: पुंगळी २९.३ लांब, ९.६ जाड. दोन्ही एकमेकांच्या बंदुकीसाठी नाहीत. मूळ .३८ एस अँड डब्ल्यूच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात) स्पेशल पूर्ण आत जातच नाही, पुढे पायरी असते तिला अडतं.

काकांनी डमी काडतूस घेतलं, .३८ स्पेशलचं, आणि सिलिंडरमध्ये सोडलं. ते सरळ आत गेलं, मागच्या कडेला टेकलं. दुसऱ्या घरात, तिसऱ्यात, सहाही घरांत तेच. काकांच्या कपाळाला आठी पडली.

मग सिलिंडर उजेडाकडे धरून मला एका चेंबरमध्ये बघायला सांगितलं. आत, मागच्या तोंडापासून दोन सेंटिमीटरवर, एक बारीक कडं दिसत होतं, केसाएवढं, त्याच्या मागचा भाग किंचित रुंद आणि जुना, काळसर डागांचा, आणि त्याच्या पुढचा भाग अरुंद पण जास्त चकचकीत, गोल गोल रेषांचा. ते कडं म्हणजे जिथे मूळ पायरी होती ती जागा. कोणीतरी रीमर (भोक वाढवायचं हत्यार) घालून ती पायरी पुढे नेली, स्पेशल बसावं म्हणून.

यात धोका असा की मागचा रुंद भाग तसाच राहतो. बारीक पुंगळी तिथे सैल बसते, उडवली की फुगते, फाटू शकते, आणि फाटली की गरम वायू आणि पितळेचे कण मागे येऊ शकतात. शिवाय बॅरल ९.१७ मिलिमीटरच्या गोळीसाठी, स्पेशलची गोळी त्याहून बारीक, म्हणजे नेमही धड नाही. युद्धानंतर जगभर या बंदुकांची अशी रूपांतरं झाली, लंडनच्या कॉग्सवेल अँड हॅरिसनसारख्या नावाजलेल्या दुकानांनीही केली, पण नाव मोठं म्हणून चेंबर बारीक होत नाही. काकांचा निर्णय ठाम: यातून काहीही उडवायचं नाही. मला तो शंभर टक्के पटला.

१५ फेब्रुवारी

चेंबर कोणी आणि कधी वाढवले हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. उत्तर सिलिंडरच्या बाहेरच सापडलं. प्रत्येक चेंबरच्या बाहेरच्या अंगाला मुकुट आणि त्याखाली "बीएनपी", बॅरलवरही तेच, सोबत ".३८", ".७६७ इंच" आणि "३ १/२ टन". ही बर्मिंगहॅम प्रूफ हाउसची खूण. ब्रिटनमध्ये बंदूक नागरिकांना विकायची तर जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासून घ्यावी लागते, मग हा शिक्का. .७६७ म्हणजे पुंगळीची लांबी इंचांत, टनाचा आकडा म्हणजे दर चौरस इंचाला दाब.

यातून दोन गोष्टी निघाल्या. .७६७ ही आखूड काडतुसाची लांबी, म्हणजे बर्मिंगहॅमला तपासणी झाली तेव्हा चेंबर मूळचेच होते. वाढवले नंतर, कुठेतरी, आणि नंतरची तपासणी झालेलीच नाही, नाहीतर लांब काडतुसाचा शिक्का असता.

दुसरी गोष्ट मामाला सांगणं जड गेलं. मुकुटाखाली बीएनपी ही खूण १९५४ च्या नियमांनंतरची. म्हणजे ही बंदूक १९५४ नंतर इंग्लंडच्या बाजारात सरकारी भंगारातून आलेला माल म्हणून विकली गेली, आणि त्याच्यानंतर आजोबांकडे आली. पणजोबांचा संबंधच पोचत नाही. आजोबांच्या परवान्यावरची पहिली नोंद १९५८ ची आहे, ती सगळ्यांनी बघितलेली होती.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा स्वतः असं कधी म्हणाले नव्हते गं. आम्ही भावंडंच म्हणायचो, आणि ते नुसते ऐकून घ्यायचे."

परवान्यात "इंग्लिश" का लिहिलं तेही कळलं, मुकुटाचा शिक्का बघून लिहिलं. बनावट अमेरिकन आहे, शिक्का तपासणीचा आहे.

२० फेब्रुवारी

झाकण काकांनीच उघडलं, मी फक्त फोटो काढले. झाकण उचकटत नाहीत, स्क्रू काढून फ्रेमवर पेचकसच्या लाकडी मुठीने टकटक केली की ते सुटून वर येतं.

बघायचं होतं घोड्याखालचं सेफ्टीचं काम. १९४४ मध्ये अमेरिकन आरमारात एक व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडलं, घोड्यावर आपटून गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीने नवीन हॅमर ब्लॉक (घोड्याला आपोआप पुढे जाऊ न देणारा अडसर) बसवायला सुरुवात केली आणि नंबराआधी व्हीसोबत एस आला. आपला नंबर नुसता व्हीचा, आणि आतलं कामही जुनंच निघालं. नंतर बदल करून घेतलेल्या काही बंदुकांवर वेगळा एस मारलेला सापडतो, तोही नाही. ज्यांच्याकडे नुसता व्ही आहे त्यांनी ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी, असली बंदूक भरून कपाटात ठेवणं म्हणजे संकट घरात ठेवणं.

१७ मे

स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन कारखान्याच्या वह्या बघून बंदुकीची माहिती पत्राने देतं, त्यांच्याकडे त्या पत्रासाठी फॉर्म, फोटो आणि फी पाठवली होती, उत्तर आज आलं. वाट बघायची तयारी ठेवा आणि फोटोत नंबर, दोन्ही बाजू आणि शिक्के स्पष्ट द्या. पत्रात मॉडेल व्हिक्टरी, पाच इंची बॅरल, .३८ एस अँड डब्ल्यू, साध्या अक्रोडाच्या मुठी, आणि रवानगी १९४३ मध्ये सरकारी ऑर्डरवर. मूळ फिनिश मंद करड्या रंगाचं होतं असंही आहे, म्हणजे आत्ताची चकाकी नंतरची हे पक्कं झालं. कुठल्या सैनिकाच्या हातात होतं ते अशा पत्रांत येत नाही, कारखान्याच्या वह्यांत माल कुठे गेला एवढंच असतं. ती आशा ठेवून फी भरू नका. बाकी पैसे वसूल, कारण हा कागद पुढे कार्यालयात फार उपयोगी पडला.

९ जून

परवान्याच्या नोंदीत नंबर दुरुस्त करायचा अर्ज दिला. सोबत काकांचं लेखी पत्र, चारही जागच्या नंबरांचे फोटो, कोनाड्यातल्या जुळणीच्या नंबराचा वेगळा फोटो आणि फाउंडेशनचं पत्र. टेबलावरच्या माणसाला आधी संशय आला की बंदूकच बदललीय की काय, आणि तो येणं साहजिक आहे, कागदावर एक नंबर आणि हत्यारावर दुसरा. जुना नंबर त्याच बंदुकीवर सिलिंडरच्या कोनाड्यात आहे हे फोटोत दाखवल्यावर गाडी पुढे सरकली. म्हणून सांगते, चुकीचा नंबर जिथून आला त्या जागेचाही फोटो ठेवा, तो नसता तर मी खरं बोलतेय हे पटवणं अवघड होतं.

२८ जून

दुरुस्ती झाली. बनावट अमेरिकन, नंबर व्हीसकट. काकांनी त्यांच्या पत्रात चेंबर वाढवलेले असल्याचं आणि बंदूक उडवण्यायोग्य नसल्याचं स्वतंत्र ओळीत लिहिलं होतं, तो कागद फाइलला लागला, पुढे कोणाच्याही हातात गेली तरी हे त्याला कळेल. निष्क्रिय करून घ्यायची की तशीच ठेवायची यावर घरात अजून चर्चा चालू आहे. मामाने पत्राची प्रत मागितली आणि १९५८ ची ती नोंद असलेल्या पानाचीही, म्हणाला बाबांनी ही कुठून आणि का घेतली असेल ते आता त्यांच्या जुन्या डायऱ्यांत शोधतो.